सूर्य राहिला, परटीण गेली
(नेपल्सची जुनी गाणी आणि त्यांचे नवे अवतार)

'ओ सोले मिओ' हे गाणं कधीच कानावर पडलं नाही, असा माणूस सापडणं कठीण. नाव ठाऊक नसेल, पण चाल ओळखीची असतेच. कुणी ती पावारॉत्तीच्या तोंडून ऐकलेली असते, कुणी एल्विस प्रेस्लीच्या इंग्रजी गाण्यात, आणि जे काही वर्षं ब्रिटनमध्ये राहून आले त्यांनी एका आइस्क्रीमच्या जाहिरातीत. १८९८ सालचं हे गाणं. शब्द नेपल्सचा कवी जोवान्नी कापुर्रो याचे, चाल एदुआर्दो दि कापुआ याची. नेपल्सच्या उन्हाचं हे गाणं दि कापुआने दूर ओडेसा शहरी मुक्कामाला असताना बांधलं, असं सांगतात. पुढे २००२ साली तुरीनच्या न्यायालयाने आल्फ्रेदो माझ्झुक्की यालाही या चालीचा सहसंगीतकार ठरवलं.

गाण्याला तीन कडवी आहेत. पहिल्यात वादळ ओसरल्यानंतरची स्वच्छ हवा आणि ऊन आहे. तिसऱ्यात सूर्य मावळल्यावर मनात दाटून येणारी उदासी आहे. प्रत्येक कडव्यानंतर, आकाशातल्यापेक्षा सुंदर असा दुसरा सूर्य तुझ्या चेहऱ्यावर आहे, हे पालुपद. आणि मधल्या कडव्यात काय आहे? तिथे प्रेयसीच्या खिडकीच्या काचा चमकताहेत, आणि एक परटीण कपडे पिळत, वाळत घालत मोठ्या ऐटीत गाते आहे. ही परटीण आपल्यापैकी बहुतेकांना कधी भेटलेलीच नाही. कारण मोठे गायक सहसा पहिलं कडवं म्हणतात, तिसरं म्हणतात आणि मधलं गाळतात.

नेपल्सच्या जुन्या गाण्यांचे जे नवनवे अवतार निघाले, ते ऐकताना मला ही परटीण सारखी आठवते. गाण्यातला सूर्य कुणालाही नेता येतो. तो कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत उगवतो. परटीण मात्र त्या गल्लीतली, त्या बोलीतली, त्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांमधली. जुनं गाणं कुणी नव्याने केलं की आपण ताल वाढवला का, गिटार का घेतली, यावर वाद घालत बसतो. माझ्या मते विचारायचा प्रश्न एवढाच आहे की परटीण राहिली की गेली?

सोवळेपणाचा आग्रह इथे चालायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ही गाणी म्हणजे मातीतून आपोआप उगवलेली लोकगीतं नव्हेत. 'फुनिकुली फुनिकुला' घ्या. १८८० साली व्हेसूव्हियस ज्वालामुखीवर दोराने ओढली जाणारी नवी रेल्वे सुरू झाली. तिच्यासाठी पेप्पिनो तुर्कोने शब्द लिहिले आणि लुईजी देन्झाने चाल बांधली. रिचर्ड स्ट्राउससारखा जर्मन संगीतकार इटलीत फिरायला आला, त्याला ती चाल लोकगीत वाटली आणि त्याने ती १८८६ च्या आपल्या 'आउस इटालियेन' या रचनेत सरळ वापरली. देन्झा कोर्टात गेला आणि जिंकला! ती रेल्वे १९४४ च्या उद्रेकात नष्ट झाली, गाणं राहिलं. दर सप्टेंबरात पिएदिग्रोत्ताचा उत्सव यायचा, आणि त्यासाठी प्रकाशक नवीन गाणी लिहवून घ्यायचे, छापायचे, विकायचे. लिहिणाऱ्यांत साल्वातोरे दि जाकोमोसारखा पत्रकार-पंडित होता, तसाच ई. ए. मारिओ या टोपणनावाने लिहिणारा पोस्टातला नोकरदारही होता. म्हणजे हा पहिल्यापासून बाजारात उभा राहिलेला, हातावर पोट असलेला व्यवसाय. तेव्हा आजच्या कुणी त्यावर पैसे मिळवले म्हणून गाणं बाटलं, असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की आपण ज्याला 'मूळ' समजतो, तोही एक अवतारच असतो. ऑपेराच्या धिप्पाड आवाजातलं, मागे साठ-सत्तर वाद्यांचा मेळ असलेलं 'ओ सोले मिओ' हेच अस्सल, असं आपल्या मनात बसलं आहे. ते बसवलं ग्रामोफोनने. एन्रिको कारुसो हा नेपल्सचाच, १८७३ सालचा जन्म. त्या काळच्या ध्वनिमुद्रण यंत्रांना त्याचा आवाज मानवला आणि त्याच्या तबकड्या जगभर गेल्या. 'ओ सोले मिओ' त्याने १९१६ साली मुद्रित केलं. तेव्हापासून ही गाणी टेनर गायकांच्या मालकीची झाली. १९९० च्या ७ जुलैला रोममध्ये, विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, पावारॉत्ती, दोमिंगो आणि कारेरास यांनी हे गाणं एकत्र म्हटलं. पावारॉत्तीने एका सुरावर लांबलचक गंमतीदार कंप घेतला, मग बाकीच्या दोघांनी त्याची नक्कल केली आणि श्रोते खूष झाले. मीही ती फीत आनंदाने ऐकतो. पण ऐकून झाल्यावर लक्षात राहतात ते तीन गळे. ज्या खिडकीखाली उभं राहून हे म्हणायचं, ती खिडकी कुठेच दिसत नाही.

यात भाषेचाही प्रश्न आहे. नेपल्सची भाषा ही पुस्तकी इटालियनहून वेगळी. तिच्यात शब्दाच्या शेवटचे स्वर पुसट होतात, अर्धवट गिळले जातात. बोलणारा जणू तुमच्या कानाशी लागून काही सांगतो आहे. ऑपेराचा गायक शेवटच्या आसनापर्यंत आवाज पोचावा म्हणून तेच स्वर उघडून, लांबवून म्हणतो. कानगोष्टीचं भाषण होतं. हे पटत नसेल तर रोबेर्तो मुरोलो (१९१२ ते २००३) ऐकावा. १९६३ साली त्याने 'नापोलेताना' नावाचा बारा तबकड्यांचा संच काढला आणि शतकानुशतकांची गाणी कालक्रमाने म्हटली. एक गिटार आणि दबका, साधा आवाज. तोसुद्धा एक पुनर्रचनाच करत होता. पण त्यानं आवाज खाली आणला आणि शब्द वर आले.

आता एल्विसकडे वळू. टोनी मार्टिनने 'ओ सोले मिओ'च्या चालीवर १९४९ साली एक इंग्रजी गाणं म्हटलं होतं, ते एल्विसला आवडायचं. जर्मनीतली लष्करी नोकरी संपवून तो १९६० मध्ये परतला आणि त्याच चालीला आरन श्रोडर व वॉली गोल्ड यांच्याकडून नवे शब्द लिहून घेतले गेले. ते 'इट्स नाऊ ऑर नेव्हर'. अमेरिकेत ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गायन म्हणून ते उत्तम आहे. रॉक अँड रोलवाल्या पोराला हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं त्याच्या शेवटच्या चढ्या सुराने बंद झाली.

पण शब्दांचं काय झालं? मूळ गाण्यातला माणूस काहीच मागत नाही. ऊन छान आहे, तुझा चेहरा त्याहून छान आहे, आणि संध्याकाळी उदास वाटतं तेव्हा तुझ्या खिडकीखाली उभं राहावंसं वाटतं, इतकंच तो सांगतो. इंग्रजी गाण्याच्या नावातच निर्वाणीचा इशारा आहे: आत्ता, नाहीतर कधीच नाही. आर्जवाच्या जागी मुदत आली. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, एल्विसने 'तोर्ना आ सुर्रिएन्तो'चं 'सरेंडर' केलं. शब्द डॉक पोमस आणि मॉर्ट शूमन यांचे. मूळ गाणं दे कुर्तिस बंधूंचं. सोरेंतो सोडून निघालेल्या माणसाला केलेली ती विनवणी: हा समुद्र बघ, या नारिंगीच्या बागा बघ, आणि परत ये. सुरावट कोमल, दुखऱ्या स्वरांतून अचानक उजळ स्वरांत जाते आणि पुन्हा मागे फिरते, जणू जाणाऱ्याच्या पायांत घोटाळते. 'सुर्रिएन्तो' आणि 'सरेंडर' यांच्या उच्चारातलं साम्य लेखकांनी चतुराईने पकडलं. पण गावाचं नाव गेलं आणि त्या जागी शरणागतीची मागणी आली. दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. नारिंगीच्या बागेतून चालायला तेवढा वेळ पुरत नाही.

कुणी म्हणेल, एल्विस नसता तर निम्म्या जगाला ही चाल कळली तरी असती का? प्रश्न रास्त आहे. त्याच्यामुळे दार उघडलं, हे मान्य. पण दारातून आत जाऊन चौकशी करणारे किती, हेही पाहावं लागतं. आणि दारावर दुसऱ्याच घराची पाटी लावली, तर चौकशी कुणाची करायची?

याहून मजेदार गोष्ट रेनातो कारोसोनेच्या गाण्याची. कारोसोने (१९२० ते २००१) नेपल्सचा पियानोवादक. तरुणपणी तो पूर्व आफ्रिकेत, असमारा आणि आदिस अबाबा इथे वाजवून पोट भरत होता. युद्धानंतर नेपल्सला आला तो जॅझचा कान घेऊनच. १९५६ साली नीसा या गीतकाराच्या शब्दांवर त्याने 'तू वुओ फा लामेरिकानो' केलं. अमेरिकन होण्याची हौस असलेल्या नेपल्सच्या एका पोराची ती खिल्ली आहे. हे महाशय व्हिस्की-सोडा पितात, रॉक अँड रोल नाचतात, बेसबॉल खेळतात. पण सिगरेटींचे पैसे येतात ते आईच्या बटव्यातून. गंमत अशी की ही टिंगल करणारं संगीत स्वतः अमेरिकन ढंगाचं आहे. चिमटा काढणारा स्वतःलाही चिमटा काढतो. गेल्या शतकातल्या विनोदी गाण्यांत इतकं हुशार गाणं मी फार थोडं ऐकलं आहे.

२०१० साली ऑस्ट्रेलियातल्या योलांडा बी कूल आणि डीकप या मंडळींनी कारोसोनेच्याच ध्वनिमुद्रणाचे तुकडे घेऊन, त्यावर यंत्राचा ठोका बसवून 'वी नो स्पीक अमेरिकानो' तयार केलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्या उन्हाळ्यानंतर लग्नाच्या मेजवान्यांतून वाजत राहिलं. नाचायला झकास आहे, ठोका पायांना बसू देत नाही. इथे तर गायकही मूळचाच आहे, भाषाही मूळचीच. तरी परटीण गेली. उरला तो एक वाक्याचा तुकडा, पुन्हा पुन्हा फिरणारा. आईचा बटवा गेला, व्हिस्की-सोडा गेला, म्हणजे विनोदच गेला. ज्या गाण्याने उसन्या चालीरीतींची टर उडवली, तेच उसनं होऊन, अर्थ न कळता जगभर नाचलं गेलं. कारोसोनेने यावरही एखादं गाणं केलं असतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मला नवं काहीच रुचत नाही. तसं नाही. परटिणीला परत आणणारेही आहेत, आणि त्यांनी मूळ गाण्याला कमी हात लावला असंही नाही.

'ताम्मुरियाता नेरा' हे १९४४ सालचं गाणं. शब्द एदोआर्दो निकोलार्दीचे, चाल पोस्टातल्या त्या ई. ए. मारिओची. निकोलार्दी एका इस्पितळाच्या कारभारात होता. दोस्त राष्ट्रांच्या फौजा शहरात आलेल्या, भूक पराकोटीची, आणि एका बाईला काळ्या वर्णाचं मूल होतं. आळीतल्या बाया त्यावर कुजबुजतात, कारणं शोधतात, हसतात. आज ते हसू सहज पचत नाही, पचूही नये. रोबेर्तो दे सिमोने यांच्या मार्गदर्शनाखाली 'नुओवा कोंपान्यिया दि कान्तो पोपोलारे' या गटाने १९७४ च्या सुमारास ते नव्याने गायलं. ताम्मोर्रा, म्हणजे आपल्या डफासारखं वाद्य, पुढे आणलं. आवाज मुद्दाम खडबडीत, रस्त्यावरचे ठेवले. आणि मध्येच अमेरिकन सैनिकांबरोबर आलेल्या 'पिस्टल पॅकिंग ममा' या गाण्याचा मोडकातोडका तुकडा घुसवला. हा तुकडा मूळ गाण्यात नव्हता. पण तो आला आणि १९४४ चं नेपल्स उभं राहिलं: न कळणारी परकी भाषा, डबाबंद अन्न, आणि त्या सगळ्यात अडकलेली एक आई. इथे भर घालून गाणं अधिक खरं झालं.

त्या आईच्या मुलाचं पुढे काय झालं? त्या विशिष्ट मुलाबद्दल बोलत नाही. पण १९४५ साली नेपल्सची आई आणि आफ्रिकन-अमेरिकन सैनिक बाप यांच्या पोटी जन्मलेला जेम्स सेनेसे मोठा सॅक्सोफोनवादक झाला. पिनो दानिएले (१९५५ ते २०१५) याच्याबरोबर त्याने वाजवलं. दानिएलेच्या १९८० सालच्या संग्रहाचं नावच 'नेरो आ मेता', म्हणजे अर्धा काळा. दानिएलेने जुनी गाणी घासूनपुसून मांडण्यापेक्षा त्यांच्या बोलीत ब्लूज लिहिला. चाल परकी, पण बोलणारा माणूस गल्लीतलाच. एल्विसने केलं त्याच्या नेमकं उलट.

लुचिओ दाल्ला तर बोलोन्याचा, म्हणजे नेपल्सवाल्यांच्या दृष्टीने परकाच. त्याचं १९८६ सालचं 'कारुसो' हे गाणं सोरेंतोतल्या हॉटेलात अखेरचे दिवस मोजणाऱ्या कारुसोवर आहे. पालुपदाची सुरावट १९३० च्या 'दिचितेंचेल्लो वुये'शी उघड नातं सांगते आणि शब्द त्याहून जुन्या गाण्याच्या नावाची आठवण देतात. दाल्ला नेहमी इटालियनमध्ये बोलतो आणि नेमकं पालुपदाला नेपल्सच्या बोलीत शिरतो. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी शेवटी आईची भाषा यावी तसा. उसनवारी कशी करावी, याचा हा धडा आहे.

मास्सिमो रानिएरीने माउरो पागानीच्या साहाय्याने २००१ पासून काढलेल्या 'ओज्जी ओ दिमाने' आणि पुढच्या तबकड्याही ऐकण्यासारख्या आहेत. त्यांत भूमध्य समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यांची वाद्यं आणि ताल येतात, आणि मग ध्यानात येतं की नेपल्स हे बंदर आहे, त्याचे कान कायम समुद्राकडे असतात. जॉन टर्टुरोच्या २०१० सालच्या 'पास्सिओने' या चित्रपटात ट्युनिशियात जन्मलेली एम्बारका बेन तालेब भेटते, सेनेसे भेटतो, आणि पोर्तुगालची फादो गायिका मीसिया १८८५ चं 'एरा दे माज्जो' गाते. चित्रपट विस्कळीत आहे, काही दृश्यं नाटकी आहेत. पण गाणी गल्ल्यांत, पायऱ्यांवर, चौकांत गायली जातात. परटिणीला पुन्हा दोरी मिळते.

या सगळ्याचं आपल्याला, साता समुद्रांपलीकडे संसार थाटलेल्यांना, काय देणंघेणं? देणं आहे. या गाण्यांचा एक मोठा हिस्सा परदेशी गेलेल्यांचा आहे. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे. कारुसोने गाजवलेलं 'कोरे न्ग्रातो' हे नेपल्सच्या अभिजात गाण्यांत गणलं जाणारं गाणं १९११ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलं. संगीतकार साल्वातोरे कार्दिल्लो आणि कवी रिकार्दो कोर्दिफेर्रो दोघेही स्थलांतरित. ई. ए. मारिओचं १९१९ चं 'सांता लुचिया लुंताना' म्हणजे नांगर उचललेल्या जहाजावरून दिसेनासं होणारं शहर. आणि १९२५ चं लिबेरो बोव्हिओचं 'लाक्रेमे नापुलिताने' हे तर पत्रच आहे. नाताळ जवळ आलेला, अमेरिकेतला मुलगा आईला लिहितो, पैसा आहे पण गाव नाही, आणि सणाच्या पंगतीत आपलंही पान मांडायला सांगतो. दिवाळीत फोन ठेवल्यानंतर स्वयंपाकघरात उगाच घुटमळणाऱ्या कुणालाही ते कळायला नेपल्सची भाषा यावी लागत नाही.

पण त्या स्थलांतरितांच्या नातवंडांपर्यंत काय पोचलं? चाल पोचली, पिझ्झाच्या दुकानातल्या स्पीकरमधून. शब्द बहुधा पोचले नाहीत. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतही हे घडतं. वेळ कमी असतो, मुलांना उच्चार जड जातात, म्हणून जुन्या भावगीताचं मधलं कडवं गाळलं जातं. कीबोर्डवर वाजवलं म्हणून काही बिघडत नाही. ड्रम्स आले तरी बिघडत नाही. गाळलेल्या कडव्यात कोण होतं, हे मुलांना कुणी सांगितलंच नाही, तर बिघडतं. तिथे जातं असतं, अंगण असतं, सासरी निघालेली कुणी असते. तीच आपली परटीण.

उलट उदाहरणही देतो. २०२४ च्या सान्रेमो महोत्सवात जेओलिएर हा नेपल्सचा रॅप गायक तिथल्या बोलीतलं गाणं घेऊन उतरला. जुन्या गाण्यांच्या स्पर्धेची रात्र त्याने जिंकली तेव्हा सभागृहातल्या काहींनी शिट्ट्या वाजवून निषेध केला. बोलीच्या त्याच्या लेखनावर नेपल्सच्याच साहित्यिकांनी टीका केली. शेवटी तो दुसरा आला. त्याचं संगीत मला फारसं रुचत नाही. पण पंचविशीच्या आतला मुलगा त्या भाषेत प्रेमभंग सांगतो आणि लाखो लोक त्याला मतं देतात, म्हणजे ती भाषा अजून पेटीत ठेवण्याची वस्तू झालेली नाही.

वाचकांना एक सुचवतो. या सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर एक संध्याकाळ काढा. आधी एल्विस लावा, तो त्यांना आवडेल. मग तीन टेनर लावा, त्या कंपावर सगळे हसतील. नंतर मुरोलोची गिटार. शेवटी मधल्या कडव्यासकट 'ओ सोले मिओ' म्हणणारा कुणी गायक शोधा; शोधायला थोडा वेळ लागेल, आणि तो शोध मुलांवरच सोपवावा. सापडला की त्या कडव्याचा अर्थ त्यांना सांगा: काचा चमकताहेत, एक बाई कपडे पिळते आहे आणि गाते आहे. मग आपल्या एखाद्या आवडत्या मराठी गाण्याचं, कार्यक्रमात नेहमी गाळलं जाणारं कडवं त्यांना म्हणून दाखवा.